चाक दाते मोजत नाही

सोलापूर सपाट आहे. होटगी रोडला निघा, अक्कलकोटला जा, पुणे हायवेनं मोहोळपर्यंत जाऊन या, चढ म्हणून लागतात ते उड्डाणपूल. म्हणूनच आमच्याकडच्या बहुतेक रोड बाइक दुकानातून जशा येतात तशाच चालतात. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची थप्पी, ११-२८ आहे की १२-२५ (आधी लहान चकतीचे दाते, मग मोठीचे), हे पुष्कळांना ठाऊकही नसतं, कारण ठाऊक असण्याची गरज पडत नाही. गरज पडते तुळजापूरला. कोजागिरीला अख्खं सोलापूर ज्या रस्त्यानं देवीला चालत जातं, त्याच रस्त्यावर तुळजापूरच्या अलीकडे घाट लागतो आणि सपाटीवर तीसच्या वेगानं आलेला माणूस तिथं पेडलवर उभा राहतो. पुढं कुणी वाईच्या पसरणी घाटाचा बेत काढला की मग ग्रुपमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो: माझ्या चाकावर चौतीस दाती कॅसेट बसेल का?

मीही याच प्रश्नानं सुरुवात केली. सगळं काम उरकल्यावर जे कळलं ते आधीच सांगतो. मोठ्या चकतीला किती दाते आहेत याच्याशी चाकाचं काही देणंघेणं नाही. चाकाला फक्त बॉडीची, म्हणजे कॅसेट जिच्यावर सरकवतात त्या हबवरच्या नळीची लांबी आणि तिच्यावरच्या खाचांची रचना कळते. दाते हा डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा विषय, आणि त्याच्या मागोमाग चेनचा. हे दोन प्रश्न एकात मिसळले की दुकानदारही चुकीचं उत्तर देतो आणि आपणही चुकीची वस्तू मागवतो. दोन्ही वेगळे विचारले की उत्तरं सरळ मिळतात.

माझ्या सायकलचे गिअर शिमानो कंपनीचे, १०५ प्रकारातले, आर ७००० मालिकेतले, ११ स्पीड, म्हणजे मागं ११ चकत्या. पुढं ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागं ११-२८. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पुढं ३४ आणि मागं २८, एका पेडलफेरीत चाकाच्या सव्वा फेऱ्या, अगदी नेमकं सांगायचं तर १.२१. मागं ३४ आली की एका फेरीला एकच फेरी. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण मिनिटाला ६० पेडलफेऱ्यांच्या खाली गुडघे बोलायला लागतात, आणि २५ मिलिमीटरच्या टायरवर त्या ६० फेऱ्या टिकवायला मागं २८ असताना ताशी ९.२ किलोमीटरचा वेग लागतो, ३४ असताना ७.६ पुरतो. घाटाच्या शेवटच्या तीव्र वळणावर हे ताशी दीड किलोमीटरच ठरवतात की माणूस बसून चढणार की उतरून ढकलणार.

पुण्यातला एक ओळखीचा रायडर १२ स्पीडवर गेला. त्याची जुनी ११-३४, ११ स्पीड कॅसेट मी घेतली. एचजी ८०० मालिकेतली, दाते चांगले, किंमत निम्म्याहून कमी. खोका नव्हता. माझी चाकं ११ स्पीडची, कॅसेट ११ स्पीडची. कुणालाही वाटेल की आता विचार करण्यासारखं काही राहिलंच नाही.

जुन्या बाजारपेठेत एका बोळात आमचे अण्णा बसतात. लहानपणापासून सायकलींतच वाढलेले, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि हात असा की हबचे छर्रे बोटाच्या टोकानं मोजतात. लॉकरिंगचा (कॅसेट बॉडीवर दाबून धरणाऱ्या कड्याचा) पाना आणि चकत्या अडवून धरणारी चेन व्हिप माझ्याकडचे, कारण त्यांच्याकडं जास्त काम येतं ते फ्रीचं, म्हणजे हबच्या आट्यांवर फिरवून बसवायच्या चकत्यांचं. जुनी कॅसेट उतरली. बॉडी पुसून काढली. तिच्यावरच्या खाचांतली एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते. त्यामुळं चकत्या एकाच पद्धतीनं आत जातात, उलटसुलट बसायची सोय नाही. नवी कॅसेट सरकवली, ११ दातांची चकती लावली, लॉकरिंग फिरवून घट्ट केलं. कर्र कर्र करत शेवटपर्यंत गेलं. अण्णांनी मोठी चकती दोन बोटांत धरली आणि पुढंमागं हलवली.

“हालतंय बघा की ओ. खुळखुळतंय सगळं.”

खरंच, लॉकरिंग पुरतं आवळलेलं आणि अख्खी कॅसेट बॉडीवर जराशी पुढंमागं. असं होणार हे मी वाचून गेलो होतो, पण हातात तो खुळखुळा आल्यावर कारण जास्त नीट कळलं. लॉकरिंगनं चकत्या दाबायच्या तर चकत्यांची थप्पी बॉडीच्या टोकापेक्षा किंचित बाहेर आली पाहिजे. इथं थप्पी आत राहिली, लॉकरिंग चकतीला टेकण्याआधी बॉडीला टेकलं.

हे का होतं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. शिमानोच्या ८, ९ आणि १० स्पीडच्या कॅसेट एकाच लांबीच्या बॉडीवर बसत, सुमारे ३५ मिलिमीटर. ८ स्पीडमध्ये एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ४.८ मिलिमीटर, ९ मध्ये ४.३५, १० मध्ये ३.९५. चकत्या वाढत गेल्या, गाळे आवळत गेले, बॉडी तीच राहिली. २०१२ साली शिमानोच्या ड्युरा-एस ९००० मालिकेबरोबर रोडवर ११ स्पीड आलं तेव्हा मात्र गाळा ३.६९ वर आणूनही जागा पुरेना, म्हणून रोडची बॉडी १.८५ मिलिमीटरनं लांब केली. आज बाजारात ज्या चाकावर ११ स्पीड लिहिलेलं असतं, ते या लांब बॉडीचं.

आणि ११-३४? ती ११ स्पीड असूनही जुन्या, आखूड बॉडीसाठी केलेली आहे. हे कसं जमवलं ते कॅसेट उलटी करून बघितल्याशिवाय डोळ्यांना पटत नाही. मागच्या बाजूनं पाहिलं तर सगळ्यात मोठी चकती आपल्या बुडापेक्षा आत, तारांच्या बाजूला झुकलेली दिसते. बॉडी जिथं संपते त्याच्या पलीकडं ती हबच्या कडेवर ओणवते. २८ च्या चकतीला हे परवडत नाही, कारण तेवढ्या उंचीवर तारा हबच्या कडेजवळून नुकत्याच निघालेल्या असतात आणि डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) त्यांना घासेल. तारा हबच्या कडेपासून रिमच्या मध्याकडं तिरक्या जातात. जितकं हबपासून दूर जाल तितकी चकती आणि तारांमधली फट मोठी होते. चौतीस दाती चकतीचा परीघ त्या मोकळ्या जागेत पोचतो, म्हणून तिला आत झुकायला मिळतं. मला हे रचनेतलं शहाणपण फार आवडलं. डोंगरी सायकलवाल्यांना आखूड बॉडीवर मोठ्या कॅसेट बसवता येतात त्याचं कारणही हेच.

म्हणजे लांब बॉडीवर ही कॅसेट बसवताना तो १.८५ मिलिमीटर भरून काढायला आधी एक रिंग घालावी लागते. ती तारांच्या बाजूला, सगळ्यात आत. मग कॅसेट. बाहेरच्या बाजूला घालून उपयोग नाही, कॅसेट तिच्या जागेवरून आत सरकेल.

ती रिंग माझ्याकडं नव्हती. सोलापुरात कुणाकडं असेल असं वाटलं म्हणून चार ठिकाणी विचारलं. हबच्या शंकूचे वायसर मिळाले, १ मिलिमीटरची एक पातळ रिंग मिळाली, १.८५ ची नाही. ऑनलाइन मागवली असती तर आठवड्यानं आली असती. पण हे पॉवरलूमचं गाव आहे. इथं मागाचे सुटे भाग लेथवर काढून देणारी माणसं आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अशाच एका शेडमध्ये मी चाकच उचलून घेऊन गेलो.

लेथवाल्या काकांनी चाक बघितलं, बॉडीवर बोट फिरवलं, व्हर्नियर लावला.

“किती जाडी पायजे?”

“एक पॉइंट पंच्याऐंशी.”

“एमेस का ॲल्युमिनियम?”

“ॲल्युमिनियम. आणि काका, जाडी दोन शतांश इकडंतिकडं चालेल, पण दोन्ही तोंडं एकमेकांना सरळ पाहिजेत.”

त्यांनी मान वर केली. त्या एका वाक्यानं कामाचा सूर बदलला असं मला वाटलं. ॲल्युमिनियमच्या जाड नळीचा तुकडा चकमध्ये धरला, आतलं भोक बॉडीवरून सरकेल इतकं कापलं, आणि दोन मिलिमीटरच्या आसपास रिंग तोडून घेतली. एवढी पातळ रिंग पुन्हा चकमध्ये धरली तर दबून वाकते, म्हणून पुढचं काम हातानं. सपाट लोखंडी पाटावर बारीक एमरी पेपर, त्यावर थोडं तेल, आणि रिंग चार बोटांनी सारखा दाब देत गोल गोल घासायची. मध्ये मध्ये रिंग अंशाअंशानं फिरवत राहायची, म्हणजे एकच बाजू जास्त झिजत नाही. दर वेळी पुसून मायक्रोमीटर. शेवटी चार ठिकाणी मापं आली: १.८६, १.८५, १.८५, १.८४. चहा पिऊन झाला तेव्हा रिंग तयार. पैसे इतके कमी सांगितले की मला वाढवून द्यावे लागले, आणि ते घेताना काका म्हणाले, “असली अजून कुणाला लागली तर सांगा, मापं लिहून ठेवलीत.”

अण्णांकडं परत येऊन रिंग, कॅसेट, लॉकरिंग. या वेळी लॉकरिंग चकतीवर बसलं. आवळायचं माप ४० न्यूटन-मीटर, ते लॉकरिंगवरच कोरलेलं असतं. टॉर्क रेंच शेजारच्या मोटारगॅरेजमधून आणला. तो नसेल तर एक अंदाज: पाना वीस सेंटिमीटरचा असेल तर त्याच्या टोकाला साधारण वीस किलोचा जोर. मोठी चकती आता हातानं हलेना.

इथवर चाकाचा प्रश्न संपला. डिरेलरचा राहिला होता.

आर ७००० चा मागचा डिरेलर दोन प्रकारांत येतो. आखूड पिंजऱ्याचा एसएस, मोठ्या चकतीची मर्यादा ३० दाते. मध्यम पिंजऱ्याचा जीएस, मर्यादा ३४. माझा एसएस होता. शिवाय दुसरं एक माप असतं, चेनचा किती सैलपणा डिरेलर ओढून धरू शकतो त्याचं. पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या सर्वांत मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. माझ्या नव्या जुळणीत १६ अधिक २३, म्हणजे ३९. एसएसची क्षमता ३५, जीएसची नेमकी ३९. बी स्क्रू (डिरेलर आणि मोठ्या चकतीतलं अंतर ठरवणारा) पूर्ण आत घालून एसएसवर ३२ चालवणारे लोक आहेत, मी त्यांच्या सायकली पाहिल्या आहेत. पण ३४ ला तो मार्ग मला पटत नाही. घाटात जोर लावून गिअर टाकताना डिरेलरची वरची चाकोली मोठ्या चकतीवर घासत असेल, तर हलका गिअर असून नसल्यासारखा. ज्यांना डिरेलर बदलायचा नाही त्यांनी ११-३० घ्यावी. ती एसएसच्या दोन्ही मर्यादांत बसते आणि लांब बॉडीवर रिंगेशिवाय जाते. तुळजापूरपुरतं ते पुरेसं आहे. माझ्या डोळ्यांसमोर पसरणी होता, मी जीएस घेतला.

चेनही नवी. जुनी चेन ११-२८ च्या मापानं तोडलेली होती. मोठ्या चकतीचे सहा दाते वाढले की चेन त्यांतल्या निम्म्यांना वेढते, तेव्हा तीन-चार कड्या कमी पडतात. चेन आखूड असताना चुकून पुढं ५० आणि मागं ३४ पडलं तर डिरेलर हँगरसकट, म्हणजे फ्रेमवरच्या त्याच्या पट्टीसकट, उपटला जाऊ शकतो. म्हणून डिरेलर वगळून चेन मोठ्या-मोठ्या चकतीवरून गुंडाळली, वर दोन कड्या ठेवून तोडली. ११६ कड्यांच्या नव्या चेनमध्ये हे भागलं. जुनी चेन तशीही टाकायलाच झाली होती. २४ कड्यांचं माप ३०४.८ मिलिमीटर असायला हवं. दीड मिलिमीटर वाढलं की चेन उतरवावी, नाहीतर ती कॅसेटचे दाते खायला लागते. स्टीलच्या फुटपट्टीनं हे कुणालाही मोजता येतं.

ही बातमी ग्रुपमध्ये गेली आणि अण्णांच्या बोळात सायकली यायला लागल्या. दोन उदाहरणं सांगण्यासारखी आहेत.

एका मित्राची जुनी सायकल, शिमानोच्या टियाग्रा गिअरची, १० स्पीड. त्याला माझी जादा चाकं वापरून बघायची होती. त्याची १० स्पीड कॅसेट माझ्या लांब बॉडीवर बसवायला १.८५ ची रिंग लागतेच, शिवाय शिमानोच्या बहुतेक १० स्पीड कॅसेटबरोबर येणारी १ मिलिमीटरची पातळ रिंगही. दोन्ही मिळून, आत मोठी, मग पातळ, मग कॅसेट. ८ किंवा ९ स्पीडला नुसती १.८५ ची पुरते. उलट दिशेनं मात्र रस्ता बंद: २८ किंवा ३० पर्यंतची ११ स्पीड कॅसेट जुन्या आखूड बॉडीवर घालायचा प्रयत्न करू नये, लॉकरिंगला आटे सापडत नाहीत. आणि कॅसेट चाकावर बसली म्हणजे ती सायकलवर चालेल असं नाही. १० स्पीडचा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) एका क्लिकला जेवढी केबल ओढतो, ती १० च्या गाळ्यासाठी. स्पीडचा आकडा शिफ्टरशी जुळलाच पाहिजे.

दुसरा, कॉलेजचा एक पोरगा. गिअरची सायकल, मागं ७. त्यालाही चौतीस हवी होती. अण्णांनी त्याचं चाक फिरवून दाखवलं. चकत्या उलट्या फिरवायच्या आणि मधल्या, पाना बसतो त्या खाचांकडं बघायचं. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर ते लॉकरिंग, म्हणजे कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागच्या जागी राहिल्या तर ती आट्यांवर चढवलेली फ्री. तिचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. अशा हबवर कॅसेट बसत नाही. त्याला त्याच आट्याची, मोठ्या चकतीची ७ स्पीड फ्री मिळेल, पण तीही डिरेलरच्या मर्यादेतच. मुलाचा चेहरा उतरला, पण त्याचे कॅसेटवर जाणारे हजारो रुपये वाचले.

नव्या सायकली घेणाऱ्यांसाठी एवढं: शिमानोच्या बहुतेक १२ स्पीड रोड कॅसेट ११ स्पीडच्या लांब बॉडीवर रिंगेशिवाय बसतात. मात्र शिमानोच्या काही नव्या चाकांची १२ ची बॉडी ११ ची कॅसेट घेत नाही, तेव्हा चाक घेताना हे विचारावं. ज्या कॅसेटची लहान चकती १० दातांची आहे ती आपल्या नेहमीच्या बॉडीवर जाणारच नाही, कारण बॉडीच्या जाडीवर ११ हीच सर्वांत लहान चकती मावते. तिथं स्रॅमची एक्सडीआर बॉडी लागते, डोंगरी शिमानोत मायक्रो स्प्लाइन. कॅम्पाग्नोलोच्या खाचा मुळातच वेगळ्या. चाकाच्या बाबतीत दात्यांचा संबंध येतो तो एवढाच, आणि तोही लहान टोकाला.

आता रोजच्या सपाटीवर ही कॅसेट कशी वाटते? मला जुनीच बरी वाटते. ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७ असे दोन-दोन दातांचे टप्पे आहेत. १२ आणि १४ गेल्या. होटगी रोडला पाठीवर वारा असताना चांगला गट जमला की पाय ज्या लयीत असतात ती मोडते, एक गिअर जड आणि त्याच्या अलीकडचा हलका. सपाटीवरच पळणाऱ्यांनी तर १२-२५ चा विचार करावा. तीत १६ आणि १८ आहेत, आणि मिनिटाला ९० फेऱ्यांना पुढच्या ५० वर १९ म्हणजे ताशी तीस, १८ म्हणजे साडेएकतीस, १७ म्हणजे साडेतेहतीस, १६ म्हणजे साडेपस्तीस. वाऱ्याविरुद्ध गट बांधून जाताना इतके बारीक टप्पे किती उपयोगी पडतात ते चालवल्यावरच कळतं.

म्हणून मी दोन्ही कॅसेट ठेवल्या. जीएस डिरेलर २८ ते ३४ पर्यंतची मोठी चकती घेतो, त्यामुळं ११-२८ परत चढवता येते, चेन तीच राहते, फक्त बी स्क्रू फिरवावा लागतो. रिंगेचं मात्र प्रत्येक वेळी लक्षात ठेवावं लागतं: ३४ बरोबर ती आत हवी, २८ बरोबर बाहेर. २८ मागे रिंग राहिली तर लॉकरिंगला पकड मिळत नाही. तेव्हा ती मी ३४ च्या कॅसेटला दोऱ्यानं बांधून त्याच पिशवीत ठेवतो. कॅसेट काढल्यावर बॉडीवर एक नजरही टाकावी. ॲल्युमिनियमच्या बॉडीत सुट्या चकत्या खाचा पाडतात. त्या हलक्या असतील तर कानशीनं सपाट करून घ्याव्यात, म्हणजे पुढच्या वेळी चकत्या अडकत नाहीत.

काकांनी त्या मापाच्या आणखी रिंगा काढून अण्णांकडं ठेवल्या आहेत. कुणाला लागली तर चाक सोबत घेऊन जा. वेगवेगळ्या हबच्या बॉडीत केसाएवढा फरक असतो, रिंग अडकल्याशिवाय बुडापर्यंत सरकते की नाही ते तिथंच बघून घ्या.